हळद न लागलेली नळी

जया,

"फोनवर नको वहिनी. रविवारी येते, समोर बसून सांगते," एवढंच म्हणून तू फोन ठेवलास. रविवारी तू आलीसही, पण बोलणारी तू नव्हतीस. शनिवारी कॉलेजच्या पायऱ्या चढताना छातीवर हात ठेवून बसलीस, ती उठलीच नाहीस. नांदेडहून तुला देगलूरला आणलं तेव्हा दारात माणसं मावत नव्हती, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडं बघत एकच विचार करत होते, की ही काय सांगणार होती. लोकांना वाटलं, वहिनी दुःखानं गप्प झाली. दुःख होतंच. पण त्याच्याही आधी भीती होती, हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं.

त्या एका वाक्याचा मी मग रोज कीस काढला. 'समोर बसून सांगते' असं माणूस वाईट बातमीच्या वेळीच म्हणतं, हे एकदा पटायचं. मग आठवायचं, की नवा फ्रिज घेतलास हेसुद्धा तू मला समोर बसूनच सांगितलं होतंस, वर त्याचं दार कसं उघडतं ते हातवारे करून दाखवलं होतंस. मग थोडं बरं वाटायचं. मग पुन्हा तुझा आवाज आठवायचा. दमलेला होता का तो? की तेव्हाच तुझ्या छातीत दुखत होतं आणि मला आपली लेकीची, पल्लवीचीच पडली होती? माझा जीव टांगणीला लागायला खुंटीच शोधत असतो, हे तुला माहीत आहे. "वहिनी, तुम्ही काळजीचं दुकान काढा," तू म्हणायचीस, "दादाच्या कापडापेक्षा जास्त चालेल." आता त्या दुकानाची मालकीणही मीच आणि गिऱ्हाईकही मीच.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू दहावीला होतीस. शाळेतून आलीस की दप्तर गल्ल्यामागं टाकायचीस आणि गिऱ्हाइकांनी उलगडून ठेवलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसायचीस. मीही काही परकी नव्हते. माझी आजी याच घरातली. आपल्या घरांमध्ये नाती अशीच फिरून फिरून पुन्हा त्याच उंबऱ्यावर येतात. तुझ्या आईनं तर सख्ख्या आतेभावाशीच लग्न केलेलं. आणि घरात निम्मी मराठी, निम्मी तेलुगू चालायची, तशीच एक गोष्ट सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असायची. आपल्या घराण्याला भूल चालत नाही.

तुझे धाकटे काका अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत गेले होते म्हणे. ऑपरेशन नीट झालं आणि काका उठलेच नाहीत. तेव्हापासून घरानं ऑपरेशन या शब्दाचाच धसका घेतला. सासूबाईंनी दाढ बिनइंजेक्शनची उपटून घेतली. त्यांचं अंग बाहेर यायचं, उठता-बसता कळ यायची, पण टाके घालायचं नाव काढू दिलं नाही. विचारलं की उत्तर एकच, "आपल्याला चालत न्हाई बाई." सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. तू एकटी विचारत राहिलीस, की चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

ते तुला शिकायला नांदेडला जावं लागलं, आणि तिथून परत आलीस तेव्हा तू मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलंस. "भूल नव्हे हो वहिनी. भुलीबरोबर अंग सैल पाडायचं एक औषध देतात, घशात नळी घालता यावी म्हणून. बाकीच्यांच्या रक्तात एक एन्झाइम असतं, ते त्या औषधाचे लगेच तुकडे करून टाकतं. आपल्यात ते एन्झाइमच नसतं. मग औषध उतरत नाही. श्वासाचे स्नायूसुद्धा सैलच राहतात. काका आतून जागे झाले असतील. ऐकू येत असेल सगळं. फक्त श्वास घेता येत नसेल. काही तास मशीननं श्वास दिला असता ना, तर काका उठून चहा प्याले असते." तू हे भाजी निवडत निवडत सांगितलंस. त्या दिवसापासून मला काकांच्या फोटोला हार घालताना त्यांच्या डोळ्यांकडं बघवत नाही.

तुझ्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो? मला वाटलं होतं, पांढऱ्या कोटातली माणसं, काचेच्या पलीकडं काहीतरी फसफसतंय. तिथं तर एक खडखडणारा पंखा, एक जुनं टेबल आणि तू. माझं रक्त काढलंस, यंत्रात फिरवलंस, वरचं पाणी वेगळं केलंस, त्याचा थेंब नळीत टाकून वर आणखी काय काय घातलंस. शेजारी तुझ्या एका विद्यार्थ्याची नळी होती. ती बघता बघता पिवळीधमक झाली. "हे बघा, हिला हळद लागली," तू म्हणालीस. एन्झाइम काम करायला लागलं की रंग येतो. माझी नळीही पिवळी झाली, पण फिकी. "तुमची अर्धी हळद वहिनी. एका बाजूनं मिळालंय, एका बाजूनं नाही. तुम्हाला त्रास नाही, पण पुढच्याला देऊ शकता." मग तू तिसरी नळी उचललीस. तिच्यात नुसतं पाणी. कितीही वेळ बघितली तरी पाणीच. "आणि ही आमची. बिनहळदीची."

तू हसलीस. मला हसू आलं नाही. लग्नाचं वय मागं टाकलेल्या बाईनं असं म्हणावं आणि आपण ऐकावं, हे मला जड गेलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या हळदीला कायम तेलुगूतलं पसुपुच म्हणायच्या. म्हणाल्या, "नळ्यांना पसुपु लावत बसती. स्वतःला कवा लावणार?" तू त्यावरही हसलीस. तुझं लग्न का झालं नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. ते तसंच राहिलं.

त्याच सुमारास तू तो ताईत करून घेतलास. स्टीलची छोटी पट्टी, काळ्या दोऱ्यात ओवलेली. अपघात झाला, बेशुद्ध पडले, तर डॉक्टरला कळावं म्हणून त्यावर त्या औषधाचं नाव, आणि हे देऊ नये, एवढंच. नांदेडच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देणारा बसतो, त्याच्याकडून कोरून घेतलंस. त्या बिचाऱ्याचा जन्म लग्नातल्या पातेल्यांवर नावं घालण्यात गेलेला. त्यानं हाताच्या सवयीनं सुरुवातच 'सौ. जयश्री' अशी केली. मी म्हटलं, दुसरी करून घे. तू म्हणालीस, "राहू द्या वहिनी. फुकटात झाले की सौभाग्यवती." दुकानात बायका विचारायच्या, कुठल्या देवाचा गं ताईत? तू सांगायचीस, भुलीच्या देवाचा. त्या हात जोडायच्या.

आणि मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. तू हटून बसलीस, की दादाचं एन्झाइम तपासल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. तपासलं. एन्झाइम मुळीच नाही. पण तुलाही एक गोष्ट आधी सुचली नाही. आपल्या भागातल्या दवाखान्यांत ही तपासणी एकाच कामासाठी होते, फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसासाठी, कारण तेही याच एन्झाइमला मारून टाकतं. रिपोर्ट हातात घेऊन एक शिकाऊ डॉक्टर मला बाजूला घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, खरं सांगा. घरी काही वाद झालाय का? काकांनी काही घेतलंय का?" ऑपरेशन दुसऱ्या औषधावर व्यवस्थित झालं. पण आम्ही देगलूरला परतायच्या आत बातमी पोचली होती, की कापडवाल्या शेटनं औषध प्यालं. महिनाभर दुकानात गिऱ्हाईक कमी आणि समाचाराला येणारे जास्त. एक म्हातारा ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "शेट, असं करू न्हाई. लेकरं-बाळं हायेत." मला आत जाऊन तोंडाला पदर लावावा लागला. ह्यांना मात्र ते फार लागलं.

"आजपासून ह्या घरातल्या कुणाचं रक्त काढायचं न्हाई," हे तुला म्हणाले. "लई झालं तुझं शास्त्र."

तू भांडली नाहीस. गादीवर बसलीस, समोरची साडी उलगडलीस आणि पुन्हा घडी घालायला लागलीस. "दादा, प्रोटीन म्हणजे एक लांब माळ असती. मण्यांची. ती आपली आपण घडी घालून घेती. घडी नीट बसली तरच तिला काम करता येतं. आपल्या माळेत एक मणी बदललाय, बस. घडी बसत न्हाई. मग शरीर म्हणतं, हा माल खराब हाय, आणि ती फाडून टाकतं." मुद्दाम एक काठ तिरका घेऊन तू ती साडी कपाटात सारायला लागलीस. ती जाईना. हे बघत होते. म्हणाले, "मग मणी बदल की."

"तेच तर शिकून राहिले."

"मग हा रोग म्हणायचा का न्हाई?"

"न्हाई दादा. तू ठणठणीत हायेस. फक्त टेबलावर झोपलास आणि चुकीचं औषध मिळालं, तर रोग."

ह्यांनी तुझ्या हातातली साडी घेतली, झटकली आणि नीट घडी घालून ठेवली. पण शब्द मागं घेतला नाही.

आपल्या दोघींचं भांडण मात्र पल्लवीवरून झालं, आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. तिचं लग्न ठरत होतं. तू म्हणालीस, आधी रक्त बघू, आणि जे निघेल ते पोराकडच्यांना सांगू. मी म्हटलं, आधी नको. तू म्हणालीस, लपवायचं काय त्यात? मी म्हटलं, लपवायचं काही नाही, पण लग्नाच्या बैठकीत 'एन्झाइम' कुणाला ऐकू येत नाही गं. तिथं फक्त 'खोट' ऐकू येते. तू म्हणालीस, मग खोट नाही हे सांगणारं कुणीतरी पाहिजेच की. मी म्हटलं, ते माझ्या पोरीच्या लग्नात नको. अजूनही मला वाटतं, की माझं अगदीच चूक नव्हतं. तुझं तर बरोबरच होतं. दोघी बरोबर असल्या की भांडण किती लांबतं, हे तेव्हा कळलं. शेवटी तू एवढंच म्हणालीस, "बरं. पण पहिल्या बाळंतपणाच्या आधी मी बघणार म्हणजे बघणार."

आणि तू शब्द पाळलास. डोहाळजेवणाला आलीस ती पर्समध्ये सुई आणि बर्फाचा थर्मास घेऊन. बाहेर बायकांची गाणी चाललेली आणि आत देवघराच्या कोपऱ्यात तू पल्लवीच्या हिरव्या बांगड्या वर सारून रक्त काढत होतीस. मी दाराशी राखण करत उभी, हे आत आले तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत. पल्लवी म्हणाली, "आत्या, मला हळद लागंल का गं?" तू म्हणालीस, "नवऱ्यानं लावली तेवढी पुरे." जाताना मला बाजूला घेऊन त्या औषधाचं नाव पुन्हा एकदा म्हणून घेतलंस. सक, सिनिल, कोलीन. लहान लेकराला घास भरवावा तसे तुकडे करून. मी दरवेळी 'सिनिल'ला अडखळायची. "मी नसले तर तुम्हालाच सांगावं लागंल," तू म्हणालीस. मी तुझ्यावर ओरडले, की असलं अभद्र बोलू नको.

त्यानंतर तो फोन. आणि त्यानंतर ती शनिवारची दुपार.

तुझे दिवस चालू असतानाच लातूरहून जावयांचा फोन आला. बाळ पायाळू आहे, पाणी कमी झालंय, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, सिझरची तारीख दिली. मी फोन ठेवला आणि तुझ्या फोटोसमोरच्या दिव्यात तेल घालायला गेले, तर तेल पाटावरच सांडलं. लोक म्हणत होते, वहिनीचा फार जीव होता हो. तिथं बसून मला तुझा राग येत होता, जया. फोनवर एक शब्द सांगितला असतास तर काय बिघडलं असतं? आहे किंवा नाही. एवढंच तर होतं.

समाचाराला तुझी विद्यार्थिनी आयेशा आली होती, बिलोलीहून. तू तिच्याबद्दल कायम सांगायचीस, की ही माझ्यापुढं जाईल. ती 'मॅडम' म्हणायची आणि रडायची, पुन्हा 'मॅडम' म्हणायची. मी तिला परसात नेऊन विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. "मॅडमनी घरच्यांचे सॅम्पल कधी आम्हाला करू दिले नाहीत मावशी. पण फ्रीजरमध्ये असेल. गोठवून ठेवलं की ते टिकतं. तुम्ही या, तुमच्यासमोर करते."

तुझी खोली आवरायला म्हणून आम्ही नांदेडला आलो. सुतकात घराबाहेर कुठं निघालात, असं दोघातिघांनी विचारलंच. हे तुझ्या खोलीत पुस्तकं बांधत बसले आणि मी आयेशाबरोबर प्रयोगशाळेत गेले. तोच पंखा, तेच टेबल. फ्रीजरमधून तिनं बारकी कुपी काढली, तिच्यावर तुझ्या अक्षरात 'प' होतं. तिनं दोन नळ्या लावल्या, एक स्वतःची, एक पल्लवीची. आधी स्वतःची केली. हळद लागली. मग दुसरी. मी नळीकडं बघत होते आणि आयेशा माझ्याकडं. मनात म्हटलं, फिकी येऊ दे. माझ्यासारखी फिकी तरी येऊ दे. गरोदरपणात रंग जरा कमीच येतो, असं तू सांगितलं होतंस, म्हणून मी अगदी पुसट रंगालाही तयार होते. पंखा खडखडत राहिला. नळीतलं पाणी पाणीच राहिलं. आयेशानं पुन्हा एकदा करून बघितलं, मी न सांगता. पुन्हा पाणीच.

म्हणजे हे तू सांगणार होतीस. माझी पोर तुझ्यावर गेली, हे.

परतताना एसटीत मी ह्यांना सगळं सांगितलं. डोहाळजेवणाला रक्त काढलं इथपासून. वाटलं, आता गाडीतच आवाज चढेल. हे खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "तुझी फिकी, माझी कोरी. पोरीनं आणायची कुठून?" मग शर्टाच्या खिशातून त्यांनी तुझा ताईत काढला. दवाखान्यानं तुझ्या वस्तू दिल्या त्यातला. इतके दिवस तो खिशात घेऊन फिरत होते आणि मला माहीत नव्हतं.

लातूरच्या दवाखान्यात पल्लवीच्या खोलीत सगळे होते. जावई, विहीणबाई, आणि उद्याच्या ऑपरेशनची भूल देणारी डॉक्टर पल्लवीला नेहमीचे प्रश्न विचारायला आलेली, दम्याचा त्रास आहे का, दात हलतात का. मी वाटेत सगळं वाक्य पाठ केलं होतं, सक सिनिल कोलीनसकट. तोंड उघडलं आणि विहीणबाईंकडं नजर गेली, आणि मी पल्लवीच्या अंगावरची चादरच नीट करायला लागले. मग माझ्या मागून हे बोलले. दाढी वाढलेली, डोक्याचे केस काढलेले, दारातच उभे. आत यायला त्यांना सुतकाचा संकोच वाटत होता.

"मॅडम, पोरीला एक औषध चालत न्हाई. तिच्या रक्तात ते उतरवायचं एन्झाइम न्हाई. माझ्याबी न्हाई. नाव जरा अवघड हाय. सक... सकसी..."

"सक्सिनिलकोलीन," मी म्हटलं. एका दमात आलं, जया. अडखळले नाही.

ह्यांनी ताईत डॉक्टरच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला. "ह्या सौ. जयश्री कोण?"

"माझी बहीण," हे म्हणाले. "ती असती तर तीच बोलली असती. मला नीट सांगता येत न्हाई."

मग विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे खोट हाय म्हणा की पोरीत. आमाला कुणी सांगितलं न्हाई."

"खोट न्हाई," हे म्हणाले. "एक मणी बदललाय. घडी बसत न्हाई." त्यांना पुढचं आठवेना. हातानं हवेतच साडीची घडी घालून दाखवत राहिले. मग एकदम म्हणाले, "आणि मी औषध प्यालो नव्हतो." त्याचा अर्थ खोलीत मला आणि पल्लवीलाच कळला.

डॉक्टर विहीणबाईंकडं वळली. "आजी, ह्यांनी सांगितलं ते फार बरं झालं. उद्या आपण पाठीतल्या इंजेक्शनवरच करू. पण ऐनवेळी घाईत पूर्ण भूल द्यायची पाळी आली असती, तर मी सगळ्यात आधी हेच औषध हातात घेतलं असतं." विहीणबाईंनी पदर सावरला आणि पल्लवीच्या उशाशी जाऊन बसल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. अजूनही नाही. पण हात पल्लवीच्या केसांतून फिरत होता, तो मी बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. थोड्या वेळानं नर्स घाईनं बाहेर आली. "पाठीतलं इंजेक्शन नीट लागलं नाही. पूर्ण भूल द्यावी लागतीय, इथं सही करा." जावयांनी सही केली. "बाई, ते औषध..." एवढंच मला म्हणता आलं. ती म्हणाली, "माहीत आहे आजी. ताईत आत समोरच ठेवलाय." मला पहिल्यांदा कुणी आजी म्हटलं ते असं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

बाळाचा आवाज ऐकू आला तेव्हा सगळे उठले. मी बसूनच राहिले. मुलगी झाली म्हणाले, मी मान हलवली. मला तो आवाज नको होता. माझ्या डोळ्यासमोर तुझे काका होते, आतून जागे, श्वास न घेता येणारे. आणि तू भाजी निवडत सांगत होतीस. ते दार कधी उघडेल ते उघडेल. हे भिंतीशी उभे होते आणि रिकाम्या खिशावरून हात फिरवत होते.

मग ती डॉक्टर बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली ओढत. "शुद्धीवर आल्यात. पाणी मागतायत." मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरलं. मी भिंतीकडं तोंड करून रडले, आणि ते रडणं तुझं होतं, जया. तू गेलीस तेव्हा जे आलं नव्हतं, ते तिथं आलं.

ताईत आता पल्लवीच्या गळ्यात आहे. सौ. जयश्री तसंच आहे, बदलायचं नाही असं तिनंच सांगितलं. बाळाची नळी एवढ्यात करायची नाही, आयेशा म्हणाली, बाळाला एन्झाइम मुळातच कमी असतं, मोठी झाली की बघू. म्हणजे माझ्या दुकानाला पुढची काही वर्षं माल आला. विहीणबाई एकदा हळूच विचारून गेल्या, की आमच्या पोराचंबी रक्त बघता येतं का. मी हो म्हटलं. जास्त काही बोलले नाही, तू असतीस तर तिथंच सुई काढली असतीस.

आणि परवा नर्स म्हणाली, "बाळ थोडं पिवळं दिसतंय." डॉक्टर म्हणाले, बऱ्याच बाळांना होते अशी कावीळ, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवू, उतरेल. काचेच्या पेटीत ती पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी झोपली होती, पिवळीधमक. हे काचेवर वाकून बराच वेळ बघत होते. मग खिशातून फोन काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जयाला लाव. म्हणावं, हिला हळद लागली."

मी फोन धरून उभी राहिले. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी काचेवरून हात काढला नाही, फक्त मान खाली घातली.

मला माहीत आहे तू काय म्हणाली असतीस. ते पिवळं वेगळं वहिनी, आणि हे पिवळं वेगळं. असेल. ये आणि समोर बसून सांग.